घण, सुतकी आणि हातोडी : धाराशिव जिल्ह्यातील दगडकामाची एक दुर्लक्षित बाजू

मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासलेखनात राजवटी, वास्तू आणि शिलालेख यांना मोठे स्थान मिळाले. ज्या हत्यारांनी या वास्तू घडल्या, त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इ.स. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बांधलेला बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो काळा दगड कोणी आणि कशाने फोडला, हा प्रश्न मागेच राहिला.

जिल्ह्याचा बहुतेक भूभाग बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या या दगडाला एकच हातोडा पुरत नाही. खाणीत चालतो तो घण. जड, लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी उचलायचा. दगडात ओळीने भोके पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या व त्यांवर आळीपाळीने घण घालायचा, म्हणजे दगड हव्या त्या रेषेत दुभंगतो. निघालेला तुकडा सुतकीने फोडून ओबडधोबड आकारास आणतात. त्यापुढचे काम टाकी व छिन्नी यांवर पडणाऱ्या लहान हातोडीच्या हलक्या घावांचे. जात्याला टाकी लावताना तर ही हातोडी केवळ मनगटाच्या जोरावर चालते. सुताराची लाकडी मोगरी या सर्वांहून निराळी. लोखंडाच्या घावाने पटाशीची लाकडी मूठ फुटते, म्हणून लाकडावर लाकडानेच ठोकायचे.

बेसाल्टवर टाकीची धार लवकर मरते. त्यामुळे वडार व पाथरवटांच्या कामामागे लोहाराची ऐरण सतत उभी असे. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत घण पुष्कळदा स्त्रीच्या हाती असतो. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि लहान हातोडीच्या टोल्याने पुढचा घाव कोठे पडावा ते दाखवतो. इतक्या अंगमेहनतीच्या कामाची नोंद कोणत्याही शिलालेखात सापडू नये, हे आपल्या साधनांच्या मर्यादेचेच लक्षण म्हणावे लागेल.

ही मर्यादा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अधिक जाणवते. किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबरच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त केली. रिश्टर मापनावर सुमारे ६.४ तीव्रतेच्या त्या धक्क्यात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली दबली. या घरांच्या भिंती जाड, पण आतून पोकळ जातीच्या होत्या. दोन बाजूंना दगडांचे दोन थर, मध्ये कपऱ्या व माती, वर माळवदाचे ओझे. दगडाचे बाहेरचे तोंड तेवढे हातोडीने घडवलेले. मागची बाजू अनघड. भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले.

याचा दोष गवंड्याच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. दोन फूट रुंदीची भिंत आरपार बांधणारा दगड काढायचा तर खाणीत घणाचे काम कित्येक पटींनी वाढते, तो वाहून नेऊन भिंतीत चढवण्यास चार माणसे लागतात, आणि ती मजुरी सामान्य शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. नळदुर्गच्या बंधाऱ्यामागे राजाचा खजिना होता, सास्तूरच्या घरामागे एका हंगामाचे पीक. एकाच दगडाच्या प्रदेशात काही शतकांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन बांधकामांतील फरक कारागिरांच्या कौशल्यापेक्षा घणाच्या मजुरीतून अधिक समजतो.

भूकंपानंतर जी घरे उभी राहिली होती, त्यांच्या भिंतींत आरपार भोके घेऊन त्यांत सळई व काँक्रीट भरण्याची पद्धत सुचवली गेली. त्यासाठी दगड काढताना घण वा सुतकी वापरायची नव्हती. सभोवतालची माती खरवडून, पहारीने तो हळूच सैल करायचा, कारण एका ठोक्यानेही शेजारचे दगड हलले असते.