सायनसचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो का? ही लक्षणं दिसली तर थांबू नका

नाक चोंदलं, कपाळ जड झालं की आपण म्हणतो, 'सायनसचा त्रास आहे.' वाफ घेतो, गोळी घेतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतंही, कारण हा त्रास सहसा विषाणूंमुळे होतो आणि साधारण 7 ते 10 दिवसांत ओसरतो. पण क्वचित हाच संसर्ग मेंदूपर्यंत जातो आणि जिवावर बेततो.

तो मेंदूपर्यंत जातो कसा?

सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाभोवतीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. कपाळातल्या पोकळीच्या मागे फक्त हाडाची पातळ भिंत असते आणि तिच्या पलीकडे मेंदू. जिवाणूंचा संसर्ग वाढला तर ही भिंत पोखरली जाऊ शकते. दुसरा मार्ग शिरांचा. इथल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे जंतू रक्तासोबत आतल्या दिशेनेही जाऊ शकतात. किशोरवयीन मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, हा धोका जास्त दिसतो.

नेमकं काय होतं?

मेंदूच्या आवरणाला सूज येते, म्हणजे मेनिंजायटिस होतो. कधी आवरणाखाली किंवा थेट मेंदूत पू साचतो. कधी डोळ्यांच्या मागे असलेल्या कॅव्हर्नस सायनसमध्ये रक्ताची गुठळी होते. नावात सायनस असलं तरी ही हवेची पोकळी नाही, तर अशुद्ध रक्त वाहून नेणारी जागा आहे.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस पाहिला. ही बुरशीही नाक आणि सायनसमधून डोळ्यांकडे, मेंदूकडे पसरते. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना तिचा धोका जास्त असतो.

कधी धावायचं?

- तीव्र, वाढत जाणारी डोकेदुखी आणि सोबत ताप, उलट्या
- मान आखडणं
- डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं
- कपाळावर मऊ फुगवटा
- गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, हातापायात अशक्तपणा

सर्दी बरी होत आली असताना पुन्हा ताप चढला, तर तोही इशारा समजा.

उपचार काय?

सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरून निदान होतं. शिरेवाटे अँटिबायोटिक्स दिली जातात. पू साचला असेल तर बहुधा शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो, त्यामुळे यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.