दहिसर नाक्यापलीकडची केबल

हॉलमधल्या टीव्हीशेजारी कॉम्प्युटर ठेवायचा, त्यात केबलची वायर खुपसायची आणि मालिका, मॅच, बातम्या रेकॉर्ड करून आपल्या सोयीने बघायच्या. 'होम थिएटर पीसी' नावाची ही कल्पना आपल्याकडे काही वर्षं छान जगली आणि मग मेली. का मेली म्हणून विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, मोबाईल आला ना! मला हे पटत नाही. माझ्या मते तिला एका सरकारी तारखेने मारलं. आणि गंमत म्हणजे ही तारीख दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे एक होती आणि पलीकडे, म्हणजे आमच्या मीरा-भाईंदरमध्ये, दुसरीच!

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. एकच चॅनेल, ठरलेली वेळ. तुम्ही त्या वेळी घरी नसाल तर कार्यक्रम गेला. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले आणि मुंबईतल्या बिल्डिंगांमध्ये एक नवाच धंदा सुरू झाला. कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवायचा, तिथून घरोघरी वायर टाकायची आणि महिन्याला पैसे घेऊन पिक्चर दाखवायचे. आपल्या केबलवाल्याचा मूळपुरुष तो हाच. १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि स्टार टीव्ही आले, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं, आणि याच माणसाने गच्चीवर डिश लावली. केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. म्हणजे आधी वायर, मग कायदा.

आमचं गाव याच काळात वाढलं. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेली वस्ती २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. यातली कितीतरी माणसं नोकरीला मुंबईत. संध्याकाळी साडेसातला मालिका सुरू व्हायची तेव्हा घरातला कमावता माणूस विरार लोकलमध्ये एका पायावर उभा! कार्यक्रम साठवून नंतर बघण्याची गरज इथे चैनीची नव्हती, रोजची होती.

आता थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण सोडू नका.)

जुन्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये एकाच वायरीतून सगळी चॅनेलं एकदम यायची, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. त्यातलं हवं ते उचलायचं काम टीव्हीतला ट्यूनर करायचा. म्हणजे वायर घरात आली की पुढचं सगळं तुमच्या हातात. स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालवा, नाहीतर पीसीत टीव्ही ट्यूनर कार्ड टाका. बीटी ८७८ चिपची कार्डं तेव्हा भरपूर मिळायची आणि लिनक्समध्ये तिचा बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर होताच. अडचण होती ती डेटाची. आपल्या पाल पद्धतीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पिक्सेलला २ बाइट धरा. सेकंदाला जवळजवळ २१ एमबी, तासाला ७५ जीबी! त्या काळी आख्खी हार्डडिस्कही बऱ्याचदा एवढी नसायची. त्यामुळे येणारं चित्र तिथल्या तिथे दाबून लहान करावं लागायचं आणि त्यासाठी तगडा प्रोसेसर किंवा वेगळी एन्कोडर चिप लागायची.

सॉफ्टवेअरचं वर्ष २००२. आयझॅक रिचर्ड्सने मिथटीव्ही सुरू केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली, आणि एक्सबॉक्ससाठी हौशी लोकांनी जो प्लेयर लिहिला त्याचंच पुढे एक्सबीएमसी आणि २०१४ मध्ये 'कोडी' झालं. सगळं जुळून आलं होतं.

मग घोडं कुठे अडलं? मोजणीत.

केबलवाल्याकडे नेमकी किती घरं आहेत हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. एका वायरीतून सगळं मोकळं जात असल्यावर कळणार तरी कसं? तो चॅनेलवाल्यांना कमी आकडा सांगायचा, करमणूक करही तेवढाच भरायचा. तक्रार खरी होती, त्यात शंका नाही. उपाय म्हणून २०११ मध्ये कायदा बदलला. सिग्नल डिजिटल करायचा, कुलूपबंद करायचा आणि घरटी एक नोंदवलेला सेट टॉप बॉक्स द्यायचा.

पहिल्या टप्प्यात चार महानगरं होती. बृहन्मुंबईची अंतिम तारीख ठरली ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, ३१ मार्च २०१३. त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली होती. मीरा-भाईंदर या दोन्ही यादीत नाही! आम्ही पडलो तिसऱ्या टप्प्यात, 'उरलेली सर्व शहरं'. तारीख ३१ डिसेंबर २०१५, तीही पुढे ३१ जानेवारी २०१७ पर्यंत लांबली. म्हणजे कागदोपत्री दहिसरला अ‍ॅनालॉग सिग्नल बंद झाल्यावरही पुढच्याच स्टेशनावर तो चार वर्षं चालू शकत होता.

कुलूप लागलं आणि ट्यूनर कार्ड एका फटक्यात निकामी झालं. वायरीत चॅनेलं येत होती, पण किल्ली फक्त बॉक्सकडे. बॉक्सच्या एव्ही आउटमधून चित्र घेता येतं, पण एका वेळी एकच चॅनेल, आणि चॅनेल बदलायला पीसीने रिमोटची नक्कल करायची. असा द्राविडी प्राणायाम कोण करणार?

असं व्हायलाच हवं होतं का? नाही. अमेरिकेत केबल कंपन्यांना किल्ली वेगळी करून केबलकार्डच्या रूपात द्यावी लागत होती, त्यामुळे तिथे २०१० नंतरही पीसीवर सशुल्क केबल रेकॉर्ड करता येत होती. आपल्याकडे कंपनी बदलली तरी बॉक्स तोच चालावा अशी शिफारस ट्रायने केली ती २०२० मध्ये. तोवर हॉटस्टारला पाच आणि भारतातल्या नेटफ्लिक्सला चार वर्षं झाली होती. मोबाईल आला हे खरंच, पण तो रिकाम्या जागेवर येऊन बसला.

'आता ओटीटीवर सगळं केव्हाही बघता येतं, मग रडतोस कशाला?' असं मित्र विचारतात. बघता येतं, मान्य. पण ठेवता येत नाही. मालिका हक्क संपले की यादीतून जाते. माझ्या आईला तिची एक आवडती मालिका परत बघायची होती. ती कुठल्याच अ‍ॅपवर सापडली नाही. तेव्हा कुणी रेकॉर्ड करून ठेवली असती तर आज ती आमच्याकडे असती, इतका हा साधा हिशोब आहे.

एक खिडकी मात्र उघडी आहे. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली सेवा म्हणजे आजची डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्रीसारखं चॅनेल त्यावर आहे. मी ऑफिसने भंगारात काढलेला एक छोटा पीसी विकत घेतला, त्यात उपग्रहाचा ट्यूनर टाकला, वर लिनक्स आणि कोडी. गच्चीवर डिश लावायला सोसायटीची परवानगी काढायला जितका वेळ गेला, तितका बाकी सगळं बसवायलाही लागला नाही. आता आई सांगते ते कार्यक्रम हार्डडिस्कवर जातात आणि फाइलला ती स्वतः नाव देते.

तुमच्या माळ्यावर ट्यूनर कार्डवाला जुना पीसी असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी त्याची हार्डडिस्क एकदा उघडून बघा. त्या दिवसांचं रेकॉर्डिंग कदाचित फक्त तुमच्याकडेच असेल.