दिनविशेष : ३० मार्च
बाजाराला पाच रुपयांचं तिकीट

सिनेमाला तिकीट असतं, जत्रेतल्या पाळण्याला असतं. पण भाजी आणायला तिकीट? २०२१ च्या मार्चअखेरीस नाशिककरांनी तेही फाडलं. करोनाची दुसरी लाट चढत होती आणि बाजारातली गर्दी काही हटत नव्हती. तेव्हा शहर पोलिसांनी मुख्य बाजारपेठांच्या वाटा अडवून माणशी पाच रुपयांची पावती सुरू केली. मुदत एक तास. त्याहून जास्त रेंगाळल्यास ५०० रुपये दंड! पावतीचे पैसे गोळा करायचे महापालिकेने, बंदोबस्त ठेवायचा पोलिसांनी. टाळेबंदीची वेळ येऊ नये म्हणून हा उपाय, असं तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांचं म्हणणं होतं. ३० मार्चला ही बातमी देशभर गाजली.

रक्कम किरकोळ, खरी मेख त्या तासात होती. मेन रोडवर साडी घ्यायला शिरलेल्यांचा तास पहिल्या दुकानातली घडी उलगडण्यातच जायचा; घासाघीस अजून पुढेच! कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपये सोडवायचे, तर आधी पाच मोजून आलेले.

पावती फार दिवस टिकली नाही. ५ एप्रिलपासून राज्यभर कडक निर्बंध आले आणि जीवनावश्यक वगळता दुकानंच बंद झाली. पुढे २५ एप्रिल २०२४ ला इटलीतल्या व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांवर प्रवेशशुल्क बसवलं. आकडा तोच, पाच, फक्त युरोत. गोदाकाठ तीन वर्षं पुढे होता!