बांधावरचे आफ्रिकेचे नातेवाईक

जूनमध्ये शनिवार-रविवार गाठून गावी, पिंपळनेरला गेलो होतो. पहिला पाऊस पडून गेलेला. शेताच्या बांधावर अंगठा जाईल एवढं गोल बीळ दिसलं, तोंडाशी रेशमी अस्तर. आत केसाळ पाय! चुलतभावाने लगेच दगड उचलला. "मारू नको भो," काका म्हणाले.

टॅरँटुला. नेमकी जात सांगण्याएवढा मी जाणकार नाही. पण पुण्याला परतल्यावर शोधत बसलो आणि रविवारची अख्खी रात्र गेली.

आपल्याकडच्या अशा कोळ्यांची शास्त्रीय नोंद मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनाल्ड पोकॉकने केली. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चा त्याचा खंड 1900 सालचा. त्याआधी 1899 मध्ये त्याने एका कोळ्याला 'मिलार्डी' नाव दिलं, ते मुंबईच्या डब्ल्यू. एस. मिलार्डवरून. हा मिलार्ड दारूच्या पेढीत नोकरीला! बीएनएचएसचा कारभार तेव्हा त्याच पेढीच्या जागेतून चाले. (1908 मध्ये छोटा सलीम अली मेलेली चिमणी घेऊन गेला, तो याच मिलार्डकडे.)

असो. मुद्दा नात्याचा. महाराष्ट्रातल्या हेटरोफ्रिक्टस या बिळात राहणाऱ्या कोळ्यांना ज्या उपकुळात घालतात, त्यातले बरेचसे आफ्रिका आणि मादागास्करमध्ये आहेत. मधे अख्खा समुद्र, आणि यांना पोहता कुठे येतं? म्हणजे हे जमिनीसोबतच आले. भारत मादागास्करपासून सुटला साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी. 2021 मध्ये 'पीअरजे'त आलेल्या जनुकीय अभ्यासाचं म्हणणं असं, की टॅरँटुला भारतावर बसून आले आणि भारत आशियाला धडकल्यावर इथून पुढे पसरले, तेही दोनदा. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना फोर्क, नंतर दुसऱ्याच रेपोत मर्ज झालेला.

आता गंमत बघा. खान्देशची काळी माती ज्या लाव्हाची झाली, तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे बिळातला भाडेकरू घरापेक्षा जुना!

हे सगळं सांगायला काकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, दिवाळीनंतर बांध सपाट करायचाय, जेसीबी सांगितलाय. तो कोपरा सोडता येईल का, विचारलं.

"बघतो," म्हणाले.