६१–१ : गोव्याच्या फुटबॉलमधला एक निकाल आणि ‘मॅच विकली’ची ओरड

२००४ साली गोवा फुटबॉल असोसिएशनच्या सेकंड डिव्हिजनच्या अखेरच्या टप्प्यात दोन सामने झाले. एकात कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगला ६१–१ असं हरवलं. दुसऱ्यात विल्रेड लेजरने दोनापावल स्पोर्ट्स क्लबवर ५५–१ असा विजय मिळवला. वाचणाऱ्याला वाटतं छपाईची चूक असावी. पण चूक नाही. हे आकडे देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून आले, आणि असोसिएशनने चारही क्लबांना वर्षभरासाठी निलंबित केलं.

आपल्या मंडळात ताम्रपट, वीरगळ, कोमुनिदादीची दप्तरं यांच्यावर निबंध वाचले जातात. त्यांच्यात हा विषय कुठून आला असं काहींना वाटेल. शिवाय फुटबॉल साष्टी-बारदेशाचा आणि नाटक-भजन फोंडा-पेडण्याचं, अशी एक सोयीची वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. ती काही खरी नाही. भारतीय संघाचा कर्णधार झालेला आपला गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर एवढं एक नाव घेतलं तरी ती मोडते. १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीत हा खेळ आणला असं सांगितलं जातं. तेव्हापासून कापणी झालेल्या शेतांत, चर्चच्या पटांगणांत आणि पुढे खाणमालकांच्या क्लबांतून तो वाढला. ज्या खेळाला इतकी वर्षं झाली त्याच्या गैरप्रकारांनाही इतिहास असतो, आणि त्याहून जास्त इतिहास असतो तो त्याविषयीच्या संशयाला.

गोव्यात कुठल्याही मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. कोणीतरी म्हणणारच, ‘सोडली रे मॅच!’ पेनल्टी बाहेर गेली, सोडली. पंचाने ऑफसाइड दिला, पैसे खाल्ले. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, आधीच ठरलं होतं. मला प्रश्न पडतो तो असा : ही ओरड कधी खरी ठरते, आणि प्रेक्षकाला खरोखर काय दिसतं?

आकडा काय सांगतो

आधी साधा हिशेब करू. कुडतरीच्या सामन्यात दोन्ही बाजू मिळून ६२ गोल झाले. ९० मिनिटांत ६२, म्हणजे सरासरी दर ८७ सेकंदांना एक. दुसऱ्या सामन्यात ५६ गोल, म्हणजे दर ९६ सेकंदांना एक. आता प्रत्येक गोलानंतर काय होतं ते आठवा. जाळीतून चेंडू काढायचा, मधल्या वर्तुळात आणायचा, आणि खेळ पुन्हा सुरू करायचा तो गोल खाल्लेल्या संघाने. म्हणजे चेंडू आधी हरणाऱ्याच्या पायात असतो. त्याने तो लगेच दिल्याशिवाय ही गती शक्यच नाही. एकट्या जिंकणाऱ्याने हा प्रकार होत नाही, टाळी वाजवायला दोन हात लागतात.

पण नुसता मोठा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. स्कॉटलंडमध्ये १२ सप्टेंबर १८८५ रोजी आर्ब्रोथने बॉन अकॉर्डला ३६–० हरवलं, आणि योगायोग असा की त्याच दिवशी डंडी हार्पने अ‍ॅबरडीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले. एकाच दिवशी दोन अचाट निकाल, अगदी आपल्यासारखेच. तरी तिथे कोणी लबाडीचा आरोप केला नाही, कारण ते बाद फेरीचे सामने होते. बाद फेरीत १–० आणि ३६–० यांची किंमत सारखीच, जास्त गोल करून पदरात काही पडत नाही. मादागास्करमध्ये २००२ साली तर १४९–० असा निकाल लागला, पण तिथे हरणाऱ्या संघाने पंचगिरीचा निषेध म्हणून स्वतःच्याच जाळीत चेंडू मारण्याचा सपाटा लावला होता.

तेव्हा आकड्याने संशय येतो, पण संशयाला वजन येतं ते हेतूमुळे.

गोलफरकाचा मोह

कुडतरी आणि विल्रेड दोघेही वरच्या विभागात जाण्याच्या शर्यतीत होते. गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, हा निकष. शेवटी दोघांनाही जिंकायचं होतंच, पण नुसतं जिंकून भागत नव्हतं, समोरच्यापेक्षा मोठं जिंकायचं होतं. आणि पलीकडे सांगोल्डा नि दोनापावल यांना तेवढं अडवायचं काही कारण उरलं नव्हतं. बाजारात दोन गिऱ्हाइकं एकाच मालावर बोली चढवत जातात तसे हे दोन स्कोअर वाचावे लागतात : ५५ आणि ६१.

गोलफरक हा नियमही तसा जुना नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये १९७६–७७ पासून तो आला. त्याआधी गोल-सरासरी होती, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. त्या पद्धतीत बचावाला जास्त महत्त्व मिळायचं. खेळ आक्रमक व्हावा म्हणून वजाबाकी आणली गेली. हेतू चांगला होता, पण वजाबाकीत प्रत्येक गोलाची किंमत सारखी, पहिल्याची तेवढीच साठाव्याची. स्पेनच्या लीगमध्ये गुण सारखे झाले की आधी त्या दोन संघांमधले आपापसातले सामने बघतात. तिथे तिसऱ्याच संघावर गोलांचा ढीग लावून काही साधत नाही. गैरप्रकाराचा उगम पुष्कळदा माणसाच्या स्वभावाइतकाच नियमपुस्तकात असतो, तो असा.

प्रेक्षकाला दिसलं, आणि प्रेक्षकाला दिसलं नाही

जगातली तीन प्रकरणं शेजारी ठेवली की ‘मॅच विकली’ या ओरडीची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात.

पहिलं, २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २–० हरवलं. एक पेनल्टी वाया गेली, खेळात जीव नव्हता, आणि प्रेक्षकांनी मैदानावरच नापसंती दाखवली. पुढे कळलं की नेमक्या २–० या निकालावर भरपूर पैसे लागले होते. चौकशी झाली आणि दोन्ही संघांचे मिळून सात खेळाडू तहहयात बाद झाले. इथे प्रेक्षक बरोबर होते.

दुसरं, २५ जून १९८२, स्पेनमधलं गिहोन. विश्वचषकाच्या गटातला शेवटचा सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे, आणि जर्मनीला हरवलेला अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला गोल झाला, त्यानंतर ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे. गॅलरीतून लोकांनी नोटा हलवून दाखवल्या. पण नियम कुठला मोडला? निकाल कायम राहिला, शिक्षा कोणालाच नाही. फक्त पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायचे ठरलं. प्रेक्षकांना दिसलं ते खरं होतं, पण त्याला गुन्हा म्हणता येईना.

तिसरं प्रकरण आपल्या ६१–१ च्याच वर्षातलं. २१ ऑगस्ट २००४, जर्मन चषक. पाडरबॉर्न या छोट्या क्लबने हॅम्बुर्गला ४–२ हरवलं. पंच होते रॉबर्ट हॉयझर. त्यांनी दोन पेनल्ट्या दिल्या, हॅम्बुर्गच्या एका खेळाडूला बाहेर काढलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, पण सामना झाला त्या दिवशी ते सिद्ध करणं कोणाच्याच हातात नव्हतं. पुढच्या जानेवारीत बिंग फुटलं ते त्यांच्याच सहकारी पंचांनी तक्रार केल्यामुळे. हॉयझर यांनी कबुली दिली आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता फरक बघा. गुणतक्त्यासाठी केलेली लबाडी उघड्यावर होते, कारण तिला मोठा आकडा हवा असतो. पैशासाठी केलेली लबाडी मात्र शक्य तितकी साधी दिसायला हवी असते. तिला २–० पुरतं. ६१–१ बघून गावातलं शेंबडं पोरही सांगेल की काहीतरी गडबड आहे. खरा धोका त्यात नाही. खरा धोका त्या निकालात असतो जो बघून आपण निवांत घरी जातो.

फातोर्डा, २० डिसेंबर २०१५

याची उलट बाजूही सांगायला हवी. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत फातोर्ड्याला होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला गोव्याने २–१ अशी आघाडी घेतली. करंडक हातात आला असं वाटत असताना ९०व्या मिनिटाला स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईने तिसरा गोल मारला, ३–२. त्यानंतर मैदानावर आणि बक्षीस समारंभावरून जो गोंधळ झाला त्यापायी गोव्याच्या संघाला जबर दंड आणि १५ गुणांची कपात अशी शिक्षा झाली. अपिलात गुणकपात रद्द झाली.

माझ्या ओळखीतले कितीतरी जण आजही शपथेवर सांगतात की ती मॅच ‘सेट’ होती. मी त्यांना एकच विचारतो : पुरावा काय? उत्तर एकच येतं, ‘असं कधी होतं का?’ होतं की! दमलेले पाय, चाळीस मिनिटांचा ताण, निसटता चेंडू, फुटबॉलमध्ये असं दर रविवारी होतं. शेवटच्या मिनिटाचा गोल मनाला पटत नाही म्हणून आपण त्याच्यामागे कट शोधतो. हरल्याचं दुःख ‘आम्हाला हरवलं गेलं’ म्हटल्यावर जरा हलकं होतं. पण त्या बोलण्यात एका खेळाडूच्या आयुष्यभराच्या इभ्रतीचा प्रश्न असतो, हे ओरडणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आजचा संशय

म्हणून संशय सगळाच झटकून टाकावा असंही नाही. २०२२ मध्ये गोव्याच्या प्रोफेशनल लीगमधल्या काही सामन्यांवर संशयास्पद सट्टा लागल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीबीआयने भारतीय फुटबॉलमधल्या सामनेनिश्चितीची प्राथमिक चौकशी सुरू केली. हा संशय मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा नव्हे. जगभरच्या सट्टाबाजारांतले भाव यंत्रांवर पाहिले जातात. खेळात घडतंय त्याच्याशी न जुळणारी उलथापालथ भावांत झाली की इशारा मिळतो. गोव्यातल्या सामन्यावर परदेशात कोणीतरी पैसे लावतो, आणि इथे तो सामना बघायला मोजकी माणसं बसलेली असतात. १९१५ मध्ये प्रेक्षकांच्या गर्दीचा धाक तरी होता. रिकाम्या गॅलरीला कोणी भीत नाही. लोकांनी ‘सगळं ठरलेलंच असतं’ म्हणून मैदानाकडे पाठ फिरवली, तर ठरवणाऱ्यांचं काम सोपंच होतं.

शिक्षा कोणाला?

पुन्हा २००४ कडे येऊ. चारही क्लब वर्षभर बंद. असोसिएशनने वेळ न दवडता हात उगारला हे चांगलंच झालं. पण क्लब म्हणजे कोण? कुडतरी हे साष्टीचं कोठार म्हणून ओळखलं जाणारं गाव. भातशेती आणि फुटबॉल दोन्हीसाठी नावाजलेलं. अशा गावाच्या क्लबात त्या सामन्याशी काडीचा संबंध नसलेली मुलंही असतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं एक वर्ष म्हणजे थोडंथोडकं नव्हे. संस्थेला शिक्षा दिली की कागदावर न्याय होतो, पण गावात सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९१५ च्या चौकशीत सात माणसांची नावं ठरली होती. गोव्याच्या प्रकरणात लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त चार क्लबांची.

आणि नेमकं त्याच काळात गोव्याचा वरचा फुटबॉल बहरात होता. २००३–०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये धेंपो दुसरा आला, २००४–०५ मध्ये विजेता झाला. एकाच इवल्याशा राज्यात, एकाच संघटनेखाली, एका टोकाला देशाचं अजिंक्यपद आणि दुसऱ्या टोकाला ६१–१. खालचा विभाग कोणी बघत नव्हतं म्हणून तिथे असं करायची हिंमत झाली, असं माझं मत.

आता वाचकांना एक विनंती. ६१–१ हा आकडा आज जगभरच्या गमतीच्या याद्यांत फिरतो, लोक हसतात आणि पुढे जातात. पण आपल्याकडे ती माणसं अजून आहेत. त्या दोन सामन्यांत खेळलेले आज साधारण चाळिशी-पन्नाशीत असतील. पंच, लाइनमन, चेंडू आणून देणारी मुलं, कडेला उभे असलेले चार जण, सगळे इथलेच. दोन्ही पराभूत संघांनी एकेक गोल केला होता, तोही कोणीतरी मारलाच असणार! गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यांचे त्या वर्षीचे अंक, क्लबांच्या जुन्या वह्या, सामन्याचे कागद कोणाच्या माळ्यावर असतील तर मंडळाला कळवा. नाव न छापता आठवणी लिहून घ्यायचीही तयारी आहे. कोणाला दोषी धरायचं म्हणून हे चाललेलं नाही. शिक्षा होऊन गेली, वीस वर्षं उलटली. पण ओरड हवेत विरून जाते आणि कागद राहतो. ‘मॅच विकली’ म्हणणाऱ्या पुढच्या पिढीला ती खरंच कधी विकली गेली होती आणि कधी नव्हती, हे दाखवायला काहीतरी हाताशी हवं.