जोगेश्वरी लेणे

मुंबई उपनगर जिल्ह्यात साष्टी बेटावर, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेस असलेले शैव लेणे. काळ इ. स. सहावे शतक, कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मते सु. 520–550, म्हणजे घारापुरीच्या थोडे आधी. आश्रयदाते बहुधा कलचुरी. याबाबत एकमत नाही.

रचना : पायऱ्या उतरून लेण्यात जावे लागते. मंडपात चौकोनात मांडलेले 20 स्तंभ असून मधोमध चार दारांचा गाभारा व त्यात शिवलिंग आहे. दारांवरील शिल्पपटांत शिव-पार्वतीची अक्षक्रीडा, त्यांचा विवाह व नटेश ओळखता येतात. शिष्यांसह बसलेला लकुलीश, म्हणजे शैवांतील पाशुपत संप्रदायाचा आचार्य, विशेष महत्त्वाचा, कारण त्यावरून या संप्रदायाशी असलेले लेण्याचे नाते दिसते. खडक ठिसूळ असून पाणी झिरपते, त्यामुळे अनेक चेहरे झिजून गेले आहेत.

लोकव्यवहार : कलेतिहासाने सारे लक्ष मधल्या गाभाऱ्याकडे दिले, लोकांनी मात्र बाजूच्या देवस्थानातली जोगेश्वरी (योगेश्वरी) आपली मानली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत हे लेणे ‘आंबोली’ म्हणूनही येते. तरी उपनगराला आणि रेल्वे स्थानकाला नाव मिळाले ते देवीचे. नवरात्रात ओटी भरायला येणाऱ्या बायकांची, महाशिवरात्रीला लिंगदर्शनाची रांग लागते. घारापुरीला जायला होडी आणि तिकीट लागते. येथे वस्तीतून चालत येता येते. हा फरक किरकोळ नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात पोर्तुगीज काळात चर्च झाले होते. जोगेश्वरीचे लेणे आज पूजेत आहे, आणि गिरणी, कारखाना वा कचेरीच्या नोकरीसाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांना परक्या शहरात ‘आमची देवी’ म्हणायला त्याने जागा दिली. लेण्याच्या कोणत्याही वर्णनात ही गोष्ट स्तंभांच्या संख्येइतकीच ठळक असायला हवी.

परिसर : मजास, इस्माईल युसुफ महाविद्यालय (स्थापना 1930). जानेवारी 1993 मधील दंगलीत या परिसरात घडलेल्या घटनांसाठी पाहा : मुंबई दंगली.

संरक्षण : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक. लेण्याच्या माथ्यावर व भोवती घरे झाली. सांडपाणी खडकात मुरू लागले. अतिक्रमणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2010 च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून पुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. त्यामुळे भोवतीच्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा प्रश्नही या लेण्याशी बांधला गेला आहे.