बुद्ध्यंक आणि चंचल चित्त

मुलाच्या बुद्धीचा आंकडा हातीं आला म्हणजे आईबापांस एक तर हर्ष होतो, नाहीं तर विषाद. परंतु तो आंकडा वाचावा कसा हें ठाऊक नसेल, तर हर्ष आणि विषाद दोन्ही व्यर्थ होत. बुद्धि तल्लख, पण चित्त ठिकाणावर नाहीं, अशा मुलाच्या बाबतींत तर ही चूक हटकून होते. तिचें मूळ शोधावयाचें म्हणजे थोडें इतिहासांत शिरलें पाहिजे.

१९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनीं एक समिति नेमली. वर्गांतील नेहमींचें शिक्षण ज्यांना पेलत नाहीं अशीं मुलें ओळखावीं कशीं, हा तिच्यापुढील प्रश्न. आल्फ्रेद बिने यांनीं थिओदोर सिमाँ यांच्या साह्यानें १९०५ सालीं ३० प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. हेतु मुलाला मदत करण्याचा होता, त्याच्या कपाळीं शिक्का मारण्याचा नव्हता. बुद्धि ही न वाढणारी, कायमची ठरलेली राशि आहे, या मताचा बिने यांनीं १९०९ मध्यें कडक शब्दांत निषेध केला. १९११ सालीं ते निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं जर्मनींतील विल्यम स्टर्न यांनीं मानसिक वयाला खऱ्या वयानें भागण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्यें अमेरिकेंत लुईस टर्मन यांनीं त्या भागाकारास शंभरानें गुणून बुद्ध्यंक रूढ केला. अनेक उत्तरांची एकच संख्या झाली.

टर्मन यांनीं १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील सुमारें दीड हजार प्रज्ञावान मुलें निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. विल्यम शॉक्ले व लुईस अल्व्हारेझ या दोन मुलांचीहि परीक्षा झाली, पण तीं निवडींत बसलीं नाहींत. पुढें १९५६ आणि १९६८ सालीं त्यांनाच पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तीं चंचल होतीं असा याचा अर्थ नव्हे; परंतु एका संख्येच्या चाळणींतून काय गळून जातें, तें यावरून दिसतें.

दुसरा धागा वैद्यकाचा. १९०२ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धींत उणीव नसतांहि ज्यांचें अवधान टिकत नाहीं अशा मुलांचें वर्णन आहे. हे दोन धागे एकत्र आले ते डेव्हिड वेक्स्लर यांच्या कसोटीमुळें. १९४९ सालीं त्यांनीं मुलांसाठीं कसोटी प्रसिद्ध केली. तींत निरनिराळे भाग असून प्रत्येकाचे गुण स्वतंत्र मिळत. १९५९ मध्यें जेकब कोहेन यांनीं या गुणांची छाननी केली, तेव्हां कांहीं भागांतील यश चित्ताच्या स्थैर्यावर अवलंबून दिसलें. २००३ च्या चौथ्या आवृत्तींत तर शब्दज्ञान, आकृतितर्क, कार्यस्मृति आणि वेग असे चार निर्देशांक मांडले गेले.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. एका मुलीचे हे चार अंक अनुक्रमें १४०, १३८, ९७ व ८८ आहेत. एकूण बुद्ध्यंक १२० च्या थोडा वर येईल. विशेष वर्गाचें दार १३० ला उघडत असेल, तर ती बाहेर राहील; आणि इकडे अंक सामान्याहून वर असल्यामुळें तिच्या अवधानाच्या अडचणीकडेहि कोणी पाहणार नाहीं. गुण दोषाला झांकतो, दोष गुणाला झांकतो, आणि मुलीच्या वांट्याला येतो तो ‘आळशी’ हा शब्द! अंकांत एवढी तफावत असली म्हणजे पहिल्या दोन भागांवरून वेगळा निर्देशांक काढण्याची सोय आतां आहे. मात्र केवळ या तफावतीवरून अवधानदोषाचें निदान होत नाहीं. त्यासाठीं घरचें व शाळेंतील वर्तन तज्ज्ञानें पाहावें लागतें.

आपल्याकडेहि ही परंपरा जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांची कसोटी मराठी व कानडी मुलांसाठीं बेतून घेतली, आणि त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठीं पुण्यास १९६२ सालीं ज्ञानप्रबोधिनी स्थापन झाली.

तेव्हां अहवाल हातीं येईल, त्या वेळीं तळाची बेरीज आधीं वाचूं नये. भाग वाचावे, त्यांतील अंतर वाचावें, आणि मूल कोठें अडलें तें विचारावें. बिने यांनीं पट्टी केली ती एवढ्याचसाठीं.